इंदूरला ११ फ्रेम, मंगळावर १८

माझ्या फिल्मचा हिरो पोह्यांचा ठेला लावतो हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, अगं पण सायन्स फिक्शन म्हणाली होतीस ना. आहे की. हिरोईन मंगळावर आहे. ५ मिनिटं ४० सेकंदांची ॲनिमेशन फिल्म, लव्हस्टोरी, मी घरी बसून केली, नोकरी सांभाळून सव्वा वर्ष लागलं, आणि कशी केली ते इतक्या जणांना तुकड्या-तुकड्यांत सांगून झालंय की आता एकदाच सगळं लिहून टाकते. ओळीने येईलच असं नाही.

आधी घरचं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही इंदूरच्या राजेंद्र नगरला राहतो. सासू-सासरे, मी, आणि वर्षातले चार-पाच महिने नवरा. बाकीचे महिने तो जहाजावर असतो, सेकंड इंजिनिअर आहे. मी विजय नगरला एका ऑफिसात बिल्डरांसाठी थ्रीडी व्ह्यू बनवते, म्हणजे जी बिल्डिंग अजून उभीच नाही तिचे फोटो, बाल्कनीत हिरवीगार झाडं, खाली उभी केलेली पांढरी गाडी, आकाश कायम निळं. त्यामुळे ब्लेंडर, म्हणजे थ्रीडीचं सॉफ्टवेअर, मला येत होतं. चित्रकला शाळेपासून बरी. पण ॲनिमेशन, म्हणजे माणूस हलवणं, त्यातलं शून्य.

जहाजावर नेट असतं पण मोजून मापून. कंपनी महिन्याचा कोटा देते, तो संपला की संपला, आणि मधूनच ते चालतच नाही. तर होतं काय की तीन दिवस एकच टिक, मग एकदम सतरा मेसेज. आणि ते सतराही कशाची उत्तरं, तर मी सोमवारी विचारलेल्याची. मी विचारलेलं गीझर बंद पडलाय, कोणाला बोलावू. गुरुवारी उत्तर येतं, चांगलं सविस्तर, थर्मोस्टॅट कुठे असतो, आधी एमसीबी बघ, अमक्याला बोलावू नको तो लुटतो. तोपर्यंत गीझर दुरुस्त होऊन दोन दिवस झालेले (त्याच लुटणाऱ्याकडून) आणि मी दुसऱ्याच कशावरून तरी रडून, तोंड धुऊन, ऑफिसला जाऊन आलेली. तो इतक्या मायेने ज्या बाईला धीर देत असतो ती मी सोमवारी होते. गुरुवारी दुसरीच कोणीतरी तो मेसेज वाचते.

मला हे बनवायचं होतं. लांब असलेल्या माणसाची आठवण येणं वगैरे नाही, त्यावर ढीगभर आहे. हे, की उत्तर नेहमी आधीच्या तुला येतं.

हिंमत कुठून आली तर २००२ सालच्या एका जपानी फिल्मवरून, होशी नो कोए, मकोतो शिंकाई यांची. २५ मिनिटांची फिल्म त्या माणसाने जवळजवळ एकट्याने घरच्या कॉम्प्युटरवर केलेली आहे. त्यातही मेसेज उशिरा पोचतात, शेवटी तर आठ वर्षं लागतात, कारण मुलगी व्याध ताऱ्यापर्यंत गेलेली असते. ती पाहून मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, एकटीने होतं. दोन, आपण ताऱ्यांच्या भानगडीत पडायचं नाही. आठ वर्षं ही मोठी ट्रॅजेडी आहे, माझ्याकडे तेवढी मोठी नाही. माझं दुखणं गीझरएवढं आहे. म्हणून मंगळ.

आमच्या शेजारी एक काका आहेत, कॅटमधून रिटायर झालेले. इंदूरबाहेरच्यांसाठी, कॅट म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, पण ते पूर्ण नाव इथे फक्त पाटीवर असतं. काकांनी आयुष्यभर लेझरवर काम केलं, थोडक्यात प्रकाशाशी संसार. २०१४ च्या २४ सप्टेंबरला मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं ते आम्ही सकाळी त्यांच्याच टीव्हीवर बघितलं होतं, माझं नुकतंच लग्न झालेलं. तेव्हा ते म्हणाले होते, हे जे आत्ता कळतंय ना बेटा, ते तिकडे साडेबारा मिनिटांपूर्वी होऊन गेलंय, यान वाचलं असेल नाहीतर गेलं असेल, आपल्याला फक्त बातमी यायची बाकी आहे. हे डोक्यात कुठेतरी राहिलेलं.

तर पहिली स्क्रिप्ट घेऊन काकांकडे गेले. हिरोईनचं नाव रेवा, म्हणजे नर्मदाच, आमच्याकडे नळाला तिचंच पाणी येतं म्हणून. ती मंगळावर पाणी शोधणाऱ्या तळावर. हिरोला नावच नाही, सगळे त्याला भिया म्हणतात, म्हणजे इंदुरी भैया. स्क्रिप्टमध्ये मी मारे संवाद लिहिलेले. ती म्हणते, तो म्हणतो, ती हसते, तो गप्प होतो. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, हा गप्प झाला हे तिला कसं कळलं?

झालं. पंधरा पानं बाद.

प्रकाश सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर जातो आणि रेडिओचा सिग्नल त्याच वेगाने. मंगळ अगदी जवळ असतो तेव्हा साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तीन मिनिटं. अगदी लांब गेला की ४० कोटी, म्हणजे बावीस मिनिटं. हे एका बाजूचं. उत्तर यायला दुप्पट. मी सुरुवात तीन मिनिटांपासून केली होती, की आधी जवळ आहेत मग लांब जातात. काका म्हणाले तेही चूक. यान निघतं तेव्हा ग्रह जवळ येत असतात, पण पोचायला सहा-सात महिने लागतात, तोवर पृथ्वी पुढे निघून गेलेली असते. २०२१ च्या फेब्रुवारीत नासाची पर्सिव्हिअरन्स गाडी उतरली तेव्हा सिग्नलला अकरा मिनिटं लागत होती. म्हणजे रेवा उतरते तेव्हाच अकरा. तीन मिनिटांचं सुख तिला वाटेतच मिळून संपलेलं असतं आणि तेव्हा ती झोपून असते. (हे फिल्ममध्ये नाही, पण मला माहिती आहे.)

मग मी एक्सेल उघडलं. ऑफिसची सवय. चार कॉलम केले, तिने पाठवलं किती वाजता, त्याला मिळालं किती वाजता, त्याने पाठवलं, तिला मिळालं. आणि स्क्रिप्ट त्यात भरत गेले. अर्ध्या तासात दिसायला लागलं की यांचं बोलणं कधीच समोरासमोर बसत नाही. ती विचारते आज गर्दी होती का, तेवढ्यात त्याचा मेसेज येतो की कांदा महाग झालाय, जो त्याने तिच्या आधीच्या कशाला तरी उत्तर म्हणून पाठवलाय. प्रत्येक ओळ एक घर खाली सरकलेली. मी सासूबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, अगं आम्ही पत्रं लिहायचो तेव्हा असंच व्हायचं, माझं पत्र तिकडे आणि त्यांचं इकडे, एकाच पेटीत भेटत असतील. मी म्हटलं मग तुम्ही काय करायचात? म्हणाल्या, काही नाही, नंबर टाकायचो पत्रावर.

फिल्ममध्ये रेवा मेसेजना नंबर देते ते तिथून आलंय.

नवरा सुट्टीवर आला तेव्हा प्रयोग केला. तो गच्चीवरच्या खोलीत, मी खाली स्वयंपाकघरात, रविवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. नियम असा की मेसेज लिहायचा आणि बावीस मिनिटांनी पाठवायचा, मध्ये बदलायचा नाही. पहिला मेसेज माझा, चहा ठेवतेय, घेणार का. चव्वेचाळीस मिनिटांनी उत्तर, हो, आलं टाक. सासरे शेजारी बसून दोघांचाही चहा पिऊन मोकळे. अकरापर्यंत मजा वाटली. मग आम्ही भांडलो. कशावरून ते सोडा, पण भांडणाची गंमत अशी की मी चिडून लिहिलं, मग वीस मिनिटं पोळ्या करता करता राग उतरला, माफी मागितली, आणि माझी माफी निघाली तेव्हा त्याचा राग अजून यायचाच होता. त्याचा तिखट मेसेज मला मिळाला तो मी शांत झाल्यावर, मग मी परत चिडले, तोवर त्याला माफी पोचून तो विरघळलेला. दुपारी तीन वाजता तो स्वतःच खाली आला, म्हणाला बस कर, मी हे आठ महिने करून राहिलोय, सुट्टीत पण काय? नवऱ्याला हसू येत होतं पण तो गंमतीत बोलत नव्हता हेही मला दिसलं. प्रयोग तिथेच संपवला. पण फिल्ममधलं भांडण जसंच्या तसं हे आहे, फक्त पोळ्यांच्या जागी पोहे.

आता दिवसाचं. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा थोडाच मोठा, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंद. वाटतं चाळीस मिनिटांनी काय होतंय. पण रोज चाळीस मिनिटं सरकत जातात. आज दोघांची सकाळ एकाच वेळी झाली तर आठवड्याने तिची सकाळ त्याच्या दुपारच्या जेवणाला, अठरा-एकोणीस दिवसांनी पार उलटं, आणि परत सकाळ जुळायला साधारण ३७ दिवस. हे गणित जमलं त्या रात्री मला झोप आली नाही, कारण सगळी फिल्मच मिळाली होती. फक्त जुळलेल्या सकाळीच दाखवायच्या. मधले ३७ दिवस कापून टाकायचे. पाच सकाळी, प्रत्येक वेळी सिग्नल थोडा आणखी उशिरा, अकरा मिनिटं, चौदा, सतरा, वीस, बावीस.

आणि बावीसनंतर काय, तर तेव्हा मंगळ बरोबर सूर्याच्या पलीकडे जातो. दर सव्वीस महिन्यांनी हे होतं. सूर्याभोवतीचा तापलेला वायू सिग्नल बिघडवतो म्हणून तिकडच्या यानांना साधारण दोन आठवडे कमांड पाठवणंच थांबवतात. काका म्हणाले तू २०६० दाखवतेयस, तोपर्यंत बाजूने वळसा घालून निरोप नेणारा उपग्रह असेलच की. आजही मंगळावरच्या गाड्या बहुतेक सगळं आधी वरून फिरणाऱ्या यानाकडे देतात आणि ते यान पृथ्वीकडे पाठवतं, थेट नाही. सासूबाई मध्येच म्हणाल्या मेघदूतातला यक्षसुद्धा मेघाला सांगतो की वाट वाकडी झाली तरी चालेल पण उज्जयिनीवरून जा. उज्जैन आमच्यापासून पंचावन्न किलोमीटर, त्यामुळे त्यांना ते विशेष प्रिय. मी म्हटलं काका, माझ्या फिल्ममध्ये तो वळसा घालणारा उपग्रह बिघडलाय. म्हणाले, सोयीचं आहे. आहेच सोयीचं. बिघडला नाही तर माझी फिल्म कुठून होणार.

पण सगळ्यात भारी गोष्ट त्यातून अशी मिळाली की त्या दोन आठवड्यांत पृथ्वीवरून मंगळ सूर्याच्याच दिशेला असतो. म्हणजे भिया पहाटे ठेला लावतो, तोंड पूर्वेला, सूर्य उगवतो, आणि ती बरोबर त्याच्याच मागे. तो तिच्याचकडे बघतोय पण बघू शकत नाही, डोळे दिपतात. हा शॉट मी सगळ्यात आधी काढला आणि सगळ्यात शेवटी पूर्ण केला.

चित्रांचं म्हणाल तर ब्लेंडरमध्ये ग्रीस पेन्सिल म्हणून प्रकार आहे, थ्रीडी जागेतच टूडी रेघा काढता येतात. फुकट आहे, पेन टॅब्लेट मात्र घ्यावा लागला, सेकंडहँड. सेकंदाला २४ फ्रेम, ५ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे ८१६० फ्रेम. सगळी चित्रं काढत नाहीत, एक चित्र दोन फ्रेम धरतात, तरी ४०८० होतात. त्यातही जिथे कोणी हलत नाही तिथे एकच चित्र खूप वेळ धरायचं. माझ्या फिल्ममध्ये लोक वाटच बघत असतात त्यामुळे हे फार कामाला आलं, आळस आणि विषय एकमेकांना पूरक निघाले.

पहिली चूक पृथ्वी. मी मंगळाच्या आकाशात ही मोठी निळी पृथ्वी काढली, पोस्टरसारखी. काकांनी बघितलं, काही बोलले नाहीत, टाचणी मागितली आणि टाचणीचं डोकं स्क्रीनवर ठेवलं. याहून लहान, म्हणाले. मंगळावरून पृथ्वी म्हणजे एक चांदणी, आणि डोळे चांगले असतील तर तिच्या शेजारी आणखी एक बारीक ठिपका, तो चंद्र. दोन दिवसांचं पेंटिंग पुसलं. पण खरं सांगते, ठिपकाच जास्त लागतो. मोठ्या पृथ्वीकडे बघून रेवाला घरी जावंसं वाटतं हे लहान मुलालाही कळेल, ठिपक्यावर भिया कांदा चिरतोय हे तिने स्वतःच आणायला लागतं. संध्याकाळ मात्र मंगळाने मला फुकट दिली. तिथे दिवसा आकाश तांबूस-पिवळट आणि सूर्य मावळताना त्याच्याभोवती निळं, आपल्या बरोबर उलट. तिकडची हवेतली धूळ इतकी बारीक आहे की निळा प्रकाश सूर्याच्या आजूबाजूला जास्त उरतो. मी तो निळा आमच्या गच्चीवरच्या पहाटेच्या निळ्याशी जुळवला, आयड्रॉपरने, तोच कलर कोड.

दुसरी चूक, वजन. रेवाच्या हातून जीरावनची (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची) पुडी पडते असा सीन आहे. इंदूरच्या पोह्यांवर सेव, कांदा आणि जीरावन नसेल तर ते पोहे नाहीत, हे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना दरवेळी समजवावं लागतं. तर ती पुडी घरून नेलेली, शेवटची. मी पाडली नेहमीसारखी आणि ती खोटी वाटायला लागली, का ते कळेना. मग काकांनी वहीत मांडून दिलं. गुरुत्वाकर्षण तिकडे आपल्या ३८ टक्के. एक मीटरवरून वस्तू पडायला आपल्याकडे ०.४५ सेकंद, मंगळावर ०.७३. म्हणजे इंदूरला ११ फ्रेम आणि मंगळावर १८. मी सात फ्रेम वाढवल्या आणि पुडी पडताना इतकी सावकाश, इतकी असहाय वाटायला लागली की मी ती तीन-चार वेळा नुसतीच बघत बसले. मग सगळंच परत करावं लागलं, वेणी, ओढणी, पाणी ओतणं, चालणं. दोन महिने त्यात गेले आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, नुसती गधामजुरी.

पोह्यांची वाफ वेगळीच. इंदूरला पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वाफेवर गरम ठेवतात, तर त्या वाफेचा रेफरन्स घ्यायला मी सकाळी साडेपाचला घराजवळच्या ठेल्यावर मोबाईल घेऊन उभी. मालक म्हणाला, मैडम रील बना रही हो क्या. मी म्हटलं नहीं भिया, पिक्चर. त्याने लगेच केस नीट केले आणि नंतर अर्धा तास कॅमेऱ्याकडे बघून पोहे हलवले, एकही शॉट वापरता आला नाही. दुसऱ्या दिवशी लपून काढला.

आवाज. माझा मामेभाऊ हौशी नाटकात कामं करतो, तो भिया झाला. रेवा मी, कारण रात्री एक वाजता दुसरी कोण मिळणार. कपाटात रजया लावून स्टुडिओ केला. आत बसलं की दहा मिनिटांत घामाची आंघोळ. भाषेवरून पुण्याच्या एका मैत्रिणीशी वाद झाला, ती म्हणाली तुमचा हिरो हिंदी मराठी मिक्स बोलतो, एकच काहीतरी ठरव. मी म्हटलं ठरवलेलंच आहे, आम्ही असेच बोलतो, मराठी घरात आणि ठेल्यावर हिंदी आणि दोन्हीच्या मध्ये जिना आहे तिथे काहीही. ती म्हणाली प्रेक्षकांना खटकेल. खटकू दे. दीड-दोनशे वर्षं इथे राहून हिंदी लागणारच की अंगाला.

एक टेक मात्र मामेभावाने त्याच्या घरून सकाळी सातला पाठवला, आणि त्यात मागून कचरागाडीचं गाणं. इंदूरला राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, २०१७ पासून स्वच्छतेत नंबर लागतोय आणि त्याची किंमत म्हणून रोज सकाळी हे गाणं ऐकायला लागतं. मी आधी वैतागले, परत रेकॉर्ड कर म्हणून मेसेज टाइप पण केला. मग हेडफोन लावून परत ऐकलं आणि पुसला. भियाचा व्हॉइस नोट मंगळावर पोचतो, तो काय बोलतोय याकडे रेवाचं लक्षच नाही, ती मागे नेऊन नेऊन कचरागाडी ऐकते. आता बघणाऱ्यांपैकी इंदूरचे लोक तिथेच हसतात आणि बाहेर राहणारे इंदूरचे लोक तिथेच गप्प होतात.

रेंडरचं, म्हणजे कॉम्प्युटरकडून एकेक फ्रेम पक्की तयार करून घेण्याचं, दुःख थोडक्यात. एक फ्रेम चाळीस सेकंद, ८१६० फ्रेम, नव्वद तास. मे महिना, लॅपटॉप तवा. माळव्याच्या रात्री गार म्हणून नावाजलेल्या, त्याचा फायदा घ्यायचा म्हणून रात्री दहाला लॅपटॉप गच्चीवर स्टुलावर, एक्स्टेन्शन खालून, शेजारी सासरे खाटेवर झोपलेले, राखणीला. तिसऱ्या रात्री लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी जुनी, पंधरा मिनिटांत बंद. आणि मी मूर्खासारखं थेट व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर लावलेलं. फाइल उघडेचना. तीन रात्री पाण्यात. ज्याला कोणाला हे करायचंय त्याने कृपा करून पीएनजी सीक्वेन्समध्ये रेंडर करा, एकेक फ्रेम वेगळी सेव्ह होते, लाइट गेली तर गेली तिथून पुढे सुरू. हे मला ऑफिसात माहिती होतं. घरी विसरले.

आता शेवटाबद्दल, जिथे अजून गोंधळ चालू आहे.

मी जो शेवट केला होता तो असा. सूर्यामागचे दोन आठवडे. भिया पहाटे ठेल्यावर कांदा चिरतोय. फोन जीरावनच्या डब्याला टेकवून उभा. समोर सूर्य येतोय. तो फोनकडे बघत नाही, कांदा चिरतो, मनगटाने डोळे पुसतो, कांद्यामुळे की उन्हामुळे ते कळत नाही, परत चिरतो. १४ सेकंद. बस.

ऑगस्टमध्ये गच्चीवर चादर लावून घरच्यांना दाखवली. बारा-पंधरा जण. संपल्यावर शांतता आणि मग सगळ्यांचं एकच, भेटव ना त्यांना. नणंद म्हणाली पाच मिनिटं वाट बघायला लावलीस आणि शेवटी कांदा? काकांना सूर्याचा शॉट आवडला पण तेही म्हणाले दोन आठवड्यांनी सिग्नल परत येतोच, तेवढं तरी दाखव. सासूबाई काही बोलल्या नाहीत, चादर घड्या करत होत्या.

त्याच रात्री नवऱ्याला फाइल पाठवली, छोटी करून, तरी ६० एमबी. एक टिक. दुसऱ्या दिवशी मेसेज टाकला, सगळे म्हणतायत शेवट बदल, बदलू का? एक टिक. पाच दिवस थांबले. एका छोट्या फेस्टिव्हलला पाठवायची होती, तारीख जवळ आलेली. मग बदलला. रेवा परत येते, ठेल्यावर रांगेत उभी असते, भिया वर न बघता विचारतो सेव जास्त की कमी. लोकांना आवडतो, मलाही वाईट वाटत नाही. आठ दिवस रात्री जागून काढला, लॅपटॉपमध्ये जागा करायला आधीच्या शेवटाच्या फ्रेम उडवल्या, फिल्म पाठवून दिली, आणि त्याला तिसरा मेसेज टाकला, बदलला गं बाई एकदाचा.

काल संध्याकाळी भाजी घेत होते तेव्हा फोन वाजायला लागला, टुंग टुंग टुंग, जहाज कुठल्यातरी बंदराला लागलेलं. एकोणीस मेसेज. आधी जेवणाचे फोटो, मग एका गीझरबद्दल काहीतरी, मग फिल्म बघितली, दोनदा बघितली, बोसनला, म्हणजे डेकवरच्या मुकादमाला, पण दाखवली. मग शेवटून दुसरा, माझ्या प्रश्नाला.

नको बदलूस. तो कांदा चिरतो ते राहू दे.

त्याला माझा तिसरा मेसेज मिळालाय की नाही ते अजून माहीत नाही, त्याच्यावर एकच टिक आहे. फेस्टिव्हलवाल्यांना मेल टाकलाय की फाइल बदलून चालेल का. जुना सीन ब्लेंडरच्या बॅकअपमध्ये सापडला, फ्रेम उडवल्या होत्या पण सीन आहे. १४ सेकंद, ३३६ फ्रेम, पावणेचार तास. लॅपटॉप आत्ताच गच्चीवर ठेवून आलेय, पीएनजीमध्ये लावलाय, सासऱ्यांनी खाट टाकली आहे.